मिटायची दारं

आमचे हे सुरतेच्या मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवतात. बेडकाचं हृदय टांगायचं, ते मंदावलं की कॅल्शियमचा थेंब सोडायचा. हृदय जोरात उसळतं, पोरं टाळ्या पिटतात. तो टाळ्यांचा सोस घरीही सुटत नाही, काय करायचं!

मागच्या आठवड्यात आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या कलाबाईने विचारलं, "दादा, आमच्या माणसाचं हृदय अशक्त का झालं?" तिचा नवरा हिलाल इथल्याच भेस्तानला कापडाच्या मागावर कामाला होता. हॉस्पिटलातून त्याला हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. झालं! ह्यांना वर्गच मिळाला. हृदयाच्या पेशींना बारीक दारं असतात, त्यांतून कॅल्शियम आत शिरलं की हृदय जोर धरतं. मीही कलाबाईला तिच्या वेगळ्या कपात चहा ओतत कौतुकाने ऐकलं. ती दारं वेळेवर मिटावीही लागतात, आणि हिलालच्या गोळ्यांनी आत आधीच कॅल्शियम साचतं, हे मात्र ह्यांनी सांगितलंच नाही.

कॅल्शियमची 'गरम सुई' इथे गल्लोगल्ली मिळते. अंगात ऊब पसरली की ताकद आली, असं लोक समजतात. कलाबाईने हिलालला नेऊन ती टोचून आणली. घरी येताच तो कोसळला.

कलाबाईने फोनवर सुईचं सांगितलं, तसे आम्ही हॉस्पिटलात धावलो. हिलालची नाडी वाटेल तशी उडत होती. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांचंच औषध आता शिरेतून देऊ. दुसरं काही दिलं होतं का?"

कलाबाईने ह्यांच्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाली.

आणि हे गप्प! नर्स औषध भरतेय आणि आमचा विद्वान भिंतीकडे बघतोय. माझं डोकंच फिरलं. "अहो, बोला की! मरेल तो!"

तेव्हा कुठे ह्यांना वाचा फुटली. "थांबा. कॅल्शियम टोचलंय. माझं ऐकून."

डॉक्टरांनी ते औषध थांबवलं. हिलाल वाचला.

आज कलाबाई कामावर आली. हे मोरीपाशी जाऊन म्हणाले, "बाई, माझं फार चुकलं. तुम्ही तरी खोटं का बोललात?"

राखेने भरलेले हात तसेच ठेवून ती तिच्या गावच्या बोलीत म्हणाली, "दादा, तुमनं नाव कसं लेऊ? तुमनी नोकरी गयी असती ना."

मी चहा टाकला. हात सवयीने तिच्या त्या वेगळ्या कपाकडे गेला, आणि मला माझीच लाज वाटली.