धक्क्यावरची खुर्ची

मागच्या हिवाळ्यात बर्फावर घसरून तूलिक्कीचं खुब्याचं हाड मोडलं. पन्नाशी उलटलेलं हाड, पण जुळलं. डॉक्टरांनीही पाण्यात उतरायला हो म्हटलं. तरी गेल्या रविवारी गोठलेल्या तळ्याच्या बर्फात डुबकीसाठी पाडलेल्या भोकात उतरताना शिडीच्या दुसऱ्याच पायरीवर पाय लटपटला आणि सोबतच्या बायकांनी तिला धरून वर घेतलं.

म्हणून आज धाकट्या बहिणीने, इर्मेलीने, तळ्याच्या धक्क्यावर खुर्चीच आणून ठेवली होती. सौनातून, म्हणजे काठावरच्या गरम वाफेच्या खोलीतून, वाफाळत बाहेर आल्यावर ती म्हणाली, “ताई, तू बस इथे. आम्ही डुबकी मारून येतो.”

“आणि मी काय करू? तुमच्या चपला राखू?”

“हट्ट कशाला गं? वय झालं आता.”

“तुझंही होईल. तेव्हा खुर्ची परत करीन.”

बायका खुदखुदल्या. त्या सौनात बसून येईपर्यंत भोकातल्या पाण्यावर पुन्हा बर्फाची साय धरली होती. जी बाई ती साय फोडेल तिची पहिली डुबकी, हा तळ्यावरचा रिवाज. तूलिक्कीने कुणाला न विचारता पहार उचलली आणि बर्फ फोडला. मग शिडीचा कठडा धरून ती उतरू लागली.

दुसऱ्या पायरीवर पाय पुन्हा थरथरला. इर्मेली धावली.

“हात लावू नकोस!” तूलिक्की म्हणाली आणि तिने पायाला हळूच दटावलं, “थरथर हवं तेवढं. पण खाली चल.”

पाय खाली गेला. गार पाणी गळ्यापर्यंत आलं, श्वास अडला, सुटला.

“इर्मेली,” ती पाण्यातूनच म्हणाली, “माझा टॉवेल खुर्चीवर ठेव. बर्फावर भिजतोय.”