उपासाला चालणारं औषध

मीनाक्षीताईंच्या मेडिकलसमोरच वाळूजला जाणारी कंपनीची बस थांबायची. शिफ्टला निघालेल्या माणसांचे खोकलेसुद्धा ताईंच्या ओळखीचे झाले होते. त्यातला रामकिसन करमाडचा. चाळिशीतच जिना चढताना त्याला धाप लागायची. नऊ दिवसांपूर्वी तो खोकल्याचं औषध मागायला आला, तेव्हा ताईंनी बाटली दिलीच नाही. सिगारेट सोडवायच्या निकोटीन च्युइंगमची पट्टी हातात ठेवली.

"पाकिटावरचं ते भयंकर चित्र बघून ज्याची सुटत नाही, त्याची तुझ्या सांगण्यानं सुटणार?" मधुसूदन म्हणाले होते. नवरा-बायको दोघंही फार्मासिस्ट, पण या एका गोष्टीवर त्यांचं जमत नसे.

"पाकीट घेतो कुठं तो? टपरीवर एकेक सुट्टी सिगारेट घेतो. चित्र दिसतच नाही त्याला. मग सांगायचं कुणी?"

आज दुपारी रामकिसन आला तो धुराचा वास घेऊनच.

"ओढलीत?"

"एकच, ताई. आज चतुर्थी. उपास धरलाय. ते च्युइंगम गोड लागतं, उपास मोडला असता."

"आणि सिगारेटनं नाही मोडला?"

"धूर चालतो की! आमचे आप्पा उपासाला चहा न् बिडीवरच काढायचे दिवस."

मधुसूदन खो खो हसले. ताई हसल्या नाहीत, कारण रामकिसनने उरलेली पट्टी काउंटरवर ठेवली होती.

"वापस घ्या, ताई. आपल्याच्यानं नाय व्हत. नऊ दिवस पाण्यात गेले."

"वापस घेत नाही. हे औषध आहे, फराळ नव्हे. औषधानं उपास मोडत नाही."

"हे त्यालाच सांगतेस," मधुसूदन हळूच म्हणाले, "आणि तुझी बीपीची गोळी? सकाळपासून तिथंच पडलीय."

रामकिसनने मान वर केली. "व्हय, ताई?"

ताईंचे कान तापले. अठरा वर्षं त्यांची संकष्टी निर्जळ होती. चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. गोळी मग रात्रीच. आणि दिवसभर गिऱ्हाइकांना सांगायचं, डोस चुकवू नका! फळीवरच्या गणपतीच्या तसबिरीला त्यांनी हात जोडले. काय बोलल्या ते ओठांतच राहिलं. मग गोळी जिभेवर ठेवली, बाटली उघडली आणि घोटभर पाणी प्यायल्या.

"नाही मोडला," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "आता तुम्ही."

 रामकिसनने पट्टीतून एक काढून तोंडात टाकलं.

"बकाबका चावू नका. झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं."

त्याचा जबडा थांबला. गोळ्यांच्या कागदी पाकिटावर ताईंनी ठळक लिहिलं : 'हे उपासालाही चालतं. सिगारेट कधीच चालत नाही.' खाली व्यसन सोडवायचा सरकारी फुकट नंबर, त्याखाली स्वतःचा.

"तलफ आली की आधी फोन."

"अन् ते नऊ दिवस?"

"ते कुठं गेलेत? आज एक ओढलीत. झोपेपर्यंत दुसरी नाही, एवढंच धरा."

बस आली. "गाल फुगलेला बघून पोरं म्हणतील, तंबाखू धरली," तो म्हणाला.

"सांगा, औषध धरलंय."

बस गेल्यावर ताईंनी कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा पुढं ओढला आणि त्यांवरही 'हे उपासालाही चालतं' लिहायला बसल्या.

"अगं, सगळ्यांनाच चतुर्थी असते का?"

"ज्याचा जो नेम असेल, तो विचारून लिहीन," त्या म्हणाल्या. "पेनचं टोपण कुठंय?"