दिवस बुडायच्या आत

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कढई आहे. जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. एके काळी माझ्या पोटात अख्ख्या लग्नाचा शिरा व्हायचा आणि मला चुलाणावरून उतरवायला चार गडी कमी पडायचे. आता मी सांगलीत एका घराच्या माळ्यावर पालथी पडून आहे. पालथ्या भांड्याचं कोणी ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही सांगते.

माझा जन्म तांबटाच्या हातोडीखाली झाला. ठोके खाऊन खाऊन मी गोल झाले, मला दोन भक्कम कान बसवले, आतून कल्हई केली. कृष्णाकाठी ऊस पिकवणाऱ्या आणि पेठेत हळदीचा व्यापार करणाऱ्या एका जैन घरानं मला विकत घेतलं. घरचे कर्ते रायगोंडा. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांची बायको गुणमाला. पण घरात शब्द चालायचा तो अण्णांच्या आईचा. गल्लीत कोणाचंही कार्य निघालं की, "आमची कढई न्या की," असं म्हातारी आपणहून सांगायची. मी परत आले की चिंच लावून स्वतः घासायची. खोटं कशाला बोलू, त्या कौतुकानं मी थोडी शेफारलेही होते.

म्हातारीचा एक नेम होता. दिवस बुडाला की अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंब नाही. अंधारात चूल पेटवली की चिलटं, किडामुंगी आगीत पडतात, अन्नात पडतात. तो जीव आपल्या हातून जायला नको, म्हणून जैन घरांत ही रीत पाळतात. म्हातारीनं ती मरेपर्यंत पाळली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिची जीभ कोरडी पडली. डॉक्टरांनी पाणी द्यायला सांगितलं, तर तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि तशीच गेली. अण्णा उशाशी भांडं धरून बसले होते. त्या दिवसापासून आईचा नेम त्यांना आईइतकाच मोठा झाला.

पुढच्याच साली बहात्तरचा दुष्काळ पडला. सांगलीत नदी होती, ऊस होता, त्यामुळे त्याची झळ आमच्या ओसरीपर्यंत आली नव्हती. पण अण्णा काही कामानं दहिवडीकडे गेले आणि रस्त्याच्या कडेला पोटं खपाटीला गेलेली पोरं बघून आले. घरी आल्यावर जेवायला बसले, पण घास न घेताच पानावरून उठले. "आईच्या नावानं तिकडं पोरांला जेवाय घालू," ते गुणमालाला म्हणाले. "कढईबी तिचीच धाडू." पेठेतल्या ओळखीच्या घरांनी हात लावला आणि ज्वारीच्या पोत्यांबरोबर मी ट्रकात चढले. मला फार अभिमान वाटला हो. भरल्या पोटाच्या पंगती मी खूप बघितल्या होत्या. आता खऱ्या भुकेला उपयोगी पडणार, म्हणून मी वाटभर मनातल्या मनात मिरवत होते.

गावाचं नाव सांगत नाही. माण तालुक्यात तसली गावं पुष्कळ. शाळेच्या ओसरीपुढं तीन मोठे दगड मांडून मला बसवलं. देखरेखीला गावचे हंबीरराव आणि रांधायला धोंडुबाई. धोंडुबाई विधवा, तोंडानं फटकळ, पण हाताला चव अशी की पाण्यालाही चव यावी. अण्णांनी दोन अटी घातल्या. पंगत दिवस बुडायच्या आत उठली पाहिजे, ही पहिली. पोरांनी इथंच बसून खायचं, ताट घरी न्यायचं नाही, ही दुसरी; नाहीतर घरची मोठी माणसं पोरांच्या तोंडचा घास खातील. दोन्ही अटी ऐकणाऱ्याला पटाव्यात अशाच होत्या. कांदालसूण घालायचा नाही हे ऐकून धोंडुबाई तेवढी पुटपुटली, पण दुष्काळात कांदा होता तरी कुठं.

रोज उन्हं कलली की ज्वारीच्या कण्या आणि डाळ माझ्यात रटरटायची आणि पोरं ओळीनं बसायची. सुरुवातीला मी हरखून गेले. मग हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं. ओसरीवर बसत होती ती दिवसा गावात असणारी पोरं. त्यांच्या घरी थोडंफार काहीतरी शिजत होतं. हंबीररावांचा नातूसुद्धा ताट घेऊन यायचा आणि कण्यांवर गूळ मागायचा. ज्यांच्या घरी चूलच थंड होती, त्यांच्या आया लांब सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. झुंजुमुंजु असताना निघत आणि अंधार पडल्यावर येत. पोरांना घरी कोणाजवळ ठेवणार? तीही बरोबरच जात. मोठी पोरं आईच्या ढिगाला हातभार लावत, बारकी दगडांच्या आडोशाला पडून राहत. म्हणजे जिच्यासाठी मी इतक्या लांब आले होते, ती भूक गावात पोचायची तेव्हा मला घासून ठेवलेलं असायचं.

त्या पोरांत एक बनू होती. तिचा बाप मुंबईला हमालीला गेला तो तिकडचाच झाला. आई मनुबाई खडीवर. बनू धाकट्या भावाला, ज्ञानूला, कडेवर घेऊन अंधारात माझ्याजवळ यायची. मागायची काही नाही. घासून मला पुन्हा त्याच दगडांवर ठेवत, खालच्या राखेमुळे मी कोमट असायचे, म्हणून ज्ञानूला माझ्या अंगाला टेकवून बसायची. मुलगा बसायच्या वयाचा झाला होता, पण त्याला मानही धरवत नव्हती.

धोंडुबाईनं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी ती पायी सडकेच्या कामावर गेली. दुपारच्या वेळी कढई इकडेच आणू का, असं तिथल्या साहेबाला विचारायला गेली होती. परत आली ती धुमसत. चूल पेटवताना मलाच सांगत बसली, "साहेब म्हंतो, बारक्या पोरांनी कामावर यायचं न्हाई असा कायदा हाय. म्हंजी हितं पोरं न्हाईतच. मग जेवाय घालनार कुणाला? आन् त्येच्या पायापशी पोरं लोळत हुती गं." बनूला मात्र तिनं वेगळंच सांगितलं. "कढई येतीया बघ तुमच्याकडं," ती म्हणाली. "आज न्हाई तर उद्या येतीया."

मग धोंडुबाईनं स्वतःचा कायदा केला. पंगत उठली की तळाशी कण्या राखायच्या, वर झाकण, झाकणावर ओलं फडकं. खडीवरची पोरं आली की गुपचूप वाढायचं. दिवा ती लावत नसे. उजेडाला चिलटं येतात, म्हणून तेवढा म्हातारीचा मान ती राखायची. "खावा रं लेकरांनू," एवढंच हळू आवाजात म्हणायची. मित्रांनो, लग्नाच्या पंगतीत माझं कौतुक पुष्कळ झालं, पण जन्माचं समाधान मला त्या अंधारातल्या जेवणांनी दिलं. ज्ञानू मान धरायला लागला. मग बसायला लागला. एकदा त्यानं माझ्यावर थाप मारली, टण्ण आवाज झाला आणि तो हसला. बनू कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिली. "आजी, ह्यो हसतूय," ती धोंडुबाईला म्हणाली.

उन्हाळ्यात अण्णा आणि गुणमाला पंगत बघायला आले. भरलेली ओसरी बघून अण्णांचे डोळे पाणावले. हंबीररावांनी नारळ दिला, चार शब्द बोलले, त्यांतले तीन स्वतःबद्दल. आणि मग धोंडुबाईकडून चूक झाली. अटी तिला तोंडपाठ होत्या. पण भुकेल्या लेकराला घास घातला तर त्यात कोणाचा नेम मोडतो, हे तिच्या डोक्यात शिरण्यासारखंच नव्हतं. मनात पाप नाही त्याला लपवायचं सुचत नाही. आनंदाची बातमी द्यावी तशी ती पदर सावरून पुढं आली. "अण्णा, तुमच्या आईचं पुण्य लय मोठं," ती म्हणाली. "दिसाची जेवत्यात ती जेवत्यातच, पर अंधार पडल्याव खडीवरची पोरंबी हिच्यातलंच खात्यात. कुनी उपाशी झोपत न्हाई."

अण्णांचा चेहरा उतरला. "कवापास्नं?"

"झाली की संक्रांत, तवापास्नं."

अण्णा ओसरीच्या पायरीवर बसले. आपण करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला मान डोलावणं, तिन्ही सारखंच, असं त्यांना आईनं लहानपणी शिकवलं होतं. मरताना जिनं पाण्याला तोंड लावलं नाही, तिच्याच कढईतून, तिच्याच नावानं, दिवस बुडाल्यावर जेवणं झाली होती.

हंबीरराव लगबगीनं म्हणाले, "अण्णा, ही बाई काढून टाकतो. दुसरी ठिवू."

"दुसरीच्या म्होरंबी पोरं अंधारातच येनार," अण्णा म्हणाले. "त्यास्नी वाढू नगा असं मी कुठल्या तोंडानं सांगू? आन् वाढा असंबी मला सांगता येत न्हाई."

गुणमालानं हळूच विचारलं, "अवं, मग दिवसा खडीवरच न्हेली तर?" धोंडुबाईनं साहेबाचं उत्तर सांगितलं. हंबीररावही म्हणाले, तिकडं नेली तर गावच्या पोरांनी काय खायचं? गुणमालानं एकदा नवऱ्याकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं.

अण्णा कोणावर रागावले नाहीत. त्या दिवशी ते उपाशीच राहिले. ज्वारीची पोती गावातच ठेवली आणि दिवसा घरोघर वाटा, असं हंबीररावांना सांगितलं. खडी फोडणाऱ्यांच्या घरी दिवसा कुलूप असतं, हे तेव्हा कोणी बोललं नाही. मला मात्र परत न्यायचं ठरलं. मला अण्णांचा राग करता आला असता तर बरं झालं असतं. पण वाईट माणूस तिथं शोधूनही सापडत नव्हता, आणि त्यानंच माझं मन फार खचलं.

त्या संध्याकाळी तळाशी कण्या राखल्या नाहीत; मला घासून चुलीपासून लांब ठेवलं होतं. पोरं आली तेव्हा धोंडुबाई घरात शिरली आणि तिनं आतून कडी लावून घेतली. बनू ज्ञानूला घेऊन माझ्याजवळ बसली. मी गार होते. थोड्या वेळानं ती उठून गेली.

अण्णा आणि गुणमाला आधीच परतले होते; दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि मला घेऊन निघाला. वाट खडीच्या कामावरूनच जात होती. भर दुपार होती. बनूनं मला उजेडात कधी बघितलं नव्हतं, पण तिनं मला ओळखलं. "कढई आली गं," ती आईला म्हणाली आणि ढिगावरून उठली. तिचं बघून सगळी पोरं उठली. जर्मनच्या ताटल्या, वाडगी, जे हाती लागलं ते घेऊन ती सडकेवर आली. ज्ञानूला कडेवर घेऊन पळता येईना, तेव्हा बनूनं त्याला खडीवर बसवलं आणि ताटली घेऊन ती ट्रकामागं धावत सुटली. "गाडीमागं लागायची खोडच असती पोरांला," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं गाडी दामटली. खड्ड्याखड्ड्याला मी आदळत होते, वाजत होते. तो आवाज ऐकून पोरं आणखी जोरात पळायला लागली. भरलेली कढई वाजत नाही, हे त्यांना कोण सांगणार? बनू सगळ्यांत शेवटी थांबली.

ज्ञानूचं पुढं काय झालं, ते मला कळलं नाही. सांगलीत आल्यावर अण्णांनी मला पुन्हा कोणाच्या कार्याला काढलं नाही. माझी कल्हई उडाली, अंगावर हिरवट डाग चढले. त्याचं मला दुःख नाही. भांड्याला कल्हई पुन्हा करता येते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, मिळवते व्हाल, आणि गरिबाच्या लेकरासाठी चार हात एकत्र येतील तिथं तुमचाही हात लागेल. जरूर लावा. माझं ऐकून कोणी वेगळं वागेल, अशी मला फारशी आशा नाही. इतकी वर्षं माळ्यावर काढल्यावर आशा राहत नाही. तरी एक विनवणी करते. आपल्या अटी सांगण्याआधी त्या लेकराजवळ जरा खाली बसा आणि त्याला विचारा, "बाळ, तू घरी कधी येतोस?" बनूला हे कोणीच विचारलं नव्हतं.