ओल्या लाकडाची डबी

आमचे हे कातारी. घरामागच्या खोलीत एक लेथ, भिंतीवर ओळीनं पटाश्या, खाली घोटाभर भुसा, आणि उरलेल्या जागेत ह्यांची फुशारकी. दुर्मिळ, नक्षीदार लाकडाच्या डब्या आणि फुलदाण्या करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, हे मी बायको असूनही कबूल करते. पण येणाऱ्या प्रत्येकाला ते फळीवरचे ओंडके दाखवून सांगणार, “हे लाकूड आमच्या लग्नाआधीपासून वाळतंय.” मग तो माणूस एकदा लाकडाकडे बघतो आणि एकदा माझ्याकडे.

ती अक्रोडाची गाठ मात्र लग्नाआधीची नव्हती. रस्ता रुंद करताना एक जुनं झाड पाडलं, त्याच्या बुंध्याला ही गाठ होती, बाहेरून आवाळूसारखी कुरूप. ह्यांनी ती रिक्षात घालून आणली. कापली तर आत बारीक बारीक डोळे आणि त्यांच्याभोवती काळीभोर वळणं. हे हातातली करवत तशीच धरून बघत राहिले.

ओलं लाकूड आधी जाडसर कातून ठेवायचं. वाळताना वाकडं व्हायचं ते होऊ द्यायचं, आणि पूर्ण वाळलं की मगच पुन्हा लेथवर चढवून आकार द्यायचा. हे मला ह्यांनीच शिकवलंय. पण वन्संचा वाढदिवस तोंडावर आला होता. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लोकांचे कपडे शिवून त्यांनी ह्यांना वाढवलं, पहिली लेथही त्यांच्याच शिलाईतून आली. त्यांना नक्षीतली नक्षी द्यायची असं ह्यांच्या मनानं घेतलं, आणि गाठ वाळायच्या आधीच दोन डब्या कातून झाल्या. एक वन्संना, एक मला.

वाढदिवसाला सगळ्यांसमोर ह्यांनी डबीचं झाकण उचललं. ‘टप्’ असा गोड आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वन्संनी बोटातलं अंगुस्तान काढलं, शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ते, आणि डबीत ठेवलं. “आता हे हरवायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“ताई, साधं लाकूड नाही हे. आमच्या लग्नाआधीपासून वाळतंय,” हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. चारचौघांत नवऱ्याला खोटं कशाला पाडायचं, म्हणून मीही हसले.

थोड्याच दिवसांत माझ्या डबीचं झाकण बसलं ते बसलंच. मी ओढलं, पिळलं, फडक्यात धरून पाहिलं. ह्यांनी कडेला टिचक्या मारल्या. “हवा दमट आहे,” म्हणाले. हवा कोरडी ठणठणीत होती. लाकूड वाळून आक्रसलं होतं, गोल झाकण लांबट होऊन डबीला आवळून बसलं होतं, आणि हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी डबी कपाटात चादरींखाली सारली. वन्संच्या डबीबद्दल दोघांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही.

मग वन्संचा फोन आला, मुद्दाम माझ्या फोनवर. ह्यांना त्या अजून ‘बारक्या’च म्हणतात.

“अगं, बारक्याला सांगू नकोस. मला ती डबी उघडत नाही. माझे हात गेले गं. डॉक्टर मागेच म्हणाले होते, सांध्यांची झीज सुरू झालीय म्हणून. इतक्यात असं होईल वाटलं नव्हतं. आता बरण्यासुद्धा शेजारणीकडून उघडून घेते. स्वतः करायला गेले आणि जमलं नाही तर, याचीच भीती वाटते.”

एका वाक्यात सांगता आलं असतं. माझीही उघडत नाही, वन्सं. पण तसं सांगितलं की ह्यांचं पितळ उघडं पडणार, आणि तेही मी पाडलेलं. मी म्हणाले, “रात्री हातांना कोमट तेल लावून बघा.” फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते.

ह्यांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. आता तरी हे खरं सांगतील असं वाटलं. त्यांनी पॉलिशचं निमित्त करून डबी आणली, लेथवर चढवून झाकण सोडवलं, आतून चांगलं सैल केलं आणि परत नेऊन दिली. मीही त्यांच्याबरोबर गेले होते. वन्संनी एका बोटानं झाकण उचललं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“माझ्या हातांकडे बघून सैल केलंस ना रे? तुझ्या झाकणाचा तो आवाजसुद्धा घालवलास माझ्यासाठी.”

“हो,” हे म्हणाले.

तो ‘हो’ ऐकला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना आम्ही भाजीबद्दल बोललो, मग वीजबिलाबद्दल.

त्यानंतर गेलो तेव्हा वन्संच्या खिडकीपाशी शिवणाचं मशीन नव्हतं. फरशीवर त्याच्या पायांचे चार फिकट ठसे तेवढे होते.

“खालच्या मजल्यावरच्यांच्या सुनेला दिलं,” वन्सं म्हणाल्या. “शिकतेय बिचारी. हात चालत नसताना नुसतं बघत बसायचं, त्यापेक्षा बरं.” बोलताना त्या हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या.

हे उभेच होते.

“ताई, तुझे हात धड आहेत. ते लाकूड ओलं होतं. मी घाई केली.”

वन्सं हसल्या. “तू आणि ओलं लाकूड! जग इकडचं तिकडे होईल. उगाच माझी समजूत काढू नकोस.”

“आईशप्पथ, ताई.”

“तिची शपथ कशाला घेतोस खोट्यासाठी?” त्यांनी ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. “गुणाचा आहेस. बस, चहा टाकते.”

इतकी वर्षं शेखी मिरवली, ती अशी आडवी आली. हे मटकन खाली बसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मदत मागणारी ती नजर मला सहन होईना. त्यांच्यापेक्षा मी काय वेगळी होते?

मी रिक्षा करून घरी गेले, चादरींखालची माझी डबी घेतली आणि तशीच परत आले. वन्संच्या पुढ्यात ठेवली.

“ही उघडा.”

त्यांनी प्रयत्न केला. नाही उघडली. मग ह्यांनी केला. मानेच्या शिरा फुगल्या, तोंड लाल झालं, झाकण जागचं हललं नाही.

“ही कधीपासून उघडत नाही?” वन्संनी मला विचारलं.

“तुमचा फोन आला त्याच्या आधीपासून.”

“आणि तू मला तेल लावायला सांगितलंस.”

“हो, वन्सं.”

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मग एका बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या. मग एकामागून एक, डबे, बाटल्या, फडताळातलं जे जे बंद होतं ते सगळं त्या उघडत सुटल्या. आम्ही दोघं बाहेर माना खाली घालून ऐकत होतो. हे रडत होते, आणि मी त्यांना गप्प करायला गेले नाही.

वन्सं दारात आल्या. हाताला पीठ लागलं होतं, श्वास लागला होता.

“मशीन परत हवंय मला. दोघं जा खाली. आणि मी मागितलं म्हणून सांगायचं नाही. का मागताय ते सांगायचं.”

जिना उतरताना हे कठड्याला धरून चालत होते. दार त्या सुनेनंच उघडलं. तिच्या गळ्यात मोजपट्टी होती, आत मशीनवर अर्धवट शिवलेला फ्रॉक. ह्यांनी घसा खाकरला.

“लाकडाचं कसं असतं,” त्यांनी सुरुवात केली, “गाठीचं लाकूड जे असतं ना, त्याला हवामान—”

मी कोपर मारलं. ते थांबले.

“आम्हाला मशीन परत न्यायचंय.”

ती गोंधळली. आधी फ्रॉककडे बघितलं, मग आमच्याकडे. आणि एकदम तिचा चेहरा उजळला.

“म्हणजे ताईंचे हात बरे झाले?” ती आनंदानं म्हणाली आणि सुईखालचं कापड सोडवायला वळलीसुद्धा.

“थांब, आधी ऐक,” हे म्हणाले. “तिचे हात कधी गेलेच नव्हते. माझं लाकूड ओलं होतं.”