भिंतीवरचं टार्गेट

आमच्या यजमानांना कुठलीच वस्तू विचारून आणायची सवय नाही. पोरीसाठी पिस्तूलही त्यांनी तसंच आणलं, नांदेडहून, कुणीतरी वापरलेलं. खरं नव्हे, लेझरचं. चाप ओढला की गोळीऐवजी लाल ठिपका उमटतो.

आमची प्रतिक्षा हट्टा गावच्या शाळेत नववीत आहे. तिथं लेझर-रन नावाचा खेळ सुरू झालाय. पळत यायचं, धाप लागलेली असतानाच नेम धरून टार्गेटवरचे पाच दिवे हिरवे करायचे, की पुन्हा पळायचं. पळण्यात तिचा हात कुणी धरत नाही. नेमाची मात्र बोंब, कारण शाळेत पिस्तूल एक आणि पोरं ढीगभर. राज्य स्पर्धेसाठी एकच मुलगी निवडायची होती, आणि प्रतिक्षाचा सगळा जीव त्या एका जागेत अडकला होता. म्हणून खेळ शिकवणाऱ्या शिवशंकर सरांनी जास्तीचं टार्गेट घरी सरावाला दिलं आणि यजमान पिस्तूल घेऊन आले.

दोन्ही समोरासमोर ठेवली. चाप ओढून ओढून पोरीचं बोट दुखलं, पण टार्गेट ढिम्म. यजमानांनी सेल बदलले, टार्गेटला दोन थापट्याही मारल्या, आमचा टीव्ही तसाच सुरू होतो म्हणून. शेवटी सरांना बोलावलं.

"दादा, हे जमायचं न्हाई," सर म्हणाले. "ह्या टार्गेटला डोळ्याला न दिसणारा लेझरच कळतो. तुमच्या पिस्तुलाचा उजेड लाल. घेण्याआधी विचारायचं तरी."

यजमान छताच्या पत्र्याकडे बघायला लागले.

तोडगा माझ्या सासूबाईंनी काढला. त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर वाटी पालथी धरून कोळशानं गोल काढला आणि शेजारी पोतं टाकून बसल्या. "मार तू. कुठं पडला ते म्या सांगते." ठिपका लगेच विझायचा, लांबून पोरीला काही कळायचं नाही. सासूबाईंची नजर मात्र मोतीबिंदू काढल्यापासून सुईत दोरा ओवण्याइतकी पक्की आहे.

रोज सांजेला मला चुलीपाशी तेवढंच ऐकू यायचं. "भाईर." "भाईर." "काठावर." "भाईर." आत पडल्याचं कधी कानावर आलंच नाही.

निवडीच्या आदल्या दिवशी प्रतिक्षानं पिस्तूल माझ्या मांडीवर टाकलं. "आई, मी उद्या जात न्हाई. समद्यांसमोर हसं कशाला करून घेऊ?" आणि हमसून हमसून रडली. मला सासूबाईंचा असा राग आला म्हणता. "एकदा तरी आत म्हणा की हो पोरीला," मी म्हणाले. त्या पोतं झटकत उठल्या. "जाऊ दे तिला उद्या," एवढंच बोलल्या.

मी पोरीला जवळजवळ ढकलतच नेलं. पिस्तूल शाळेचं, टार्गेटही शाळेचं, एकमेकांना ओळखणारी जोडी. प्रतिक्षा पळत आली, धापा टाकत हात उचलला आणि पाचही दिवे सलग हिरवे झाले. पुढच्या फेरीतही तेच. सरांनी तिथल्या तिथं तिचं नाव सांगितलं. ती मात्र दिव्यांकडेच बघत उभी, तिला वाटलं टार्गेट बिघडलंय.

घरी येताच मी सासूबाईंना गाठलं. "खरं सांगा, किती आत पडत होते?"

"सुरवातीचे थोडे दिस सोडले तर समदेच."

"मग सांगितलं काहून न्हाई? पोरगी रडून राहिली व्हती."

"लेकराला तोंडावर चांगलं म्हणत्यात व्हय? घरच्याचीच दृष्ट आधी लागती."

आता भांडावं की पाया पडावं, मला कळेना. प्रतिक्षा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती पुढं आली आणि आजीच्या समोरच बसली.

"दृष्ट लागली तर लागू दे, आजी. आज खरं सांग. कशी मारते मी?"

सासूबाईंनी पदर सारखा केला.

"बरी मारतीस," त्या म्हणाल्या, आणि लगेच उठून मीठ-मोहऱ्या आणायला आत गेल्या.