मास्तरांच्या चेहऱ्याचे माप

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस आधी दचकतो आणि मग जवळ येऊन निरखतो. मी एक जुना मुखवटा आहे. नाटकातला नव्हे. माझ्यावर रंग नाही, मिशा नाहीत, अंगभर नुसती बारीक भोके आहेत. माझा जन्म रुग्णालयात झाला. आता मी एका शिंप्याच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाशेजारी, बिनडोक्याच्या डमीच्या मानेवर बसून असतो. तिथे कसा आलो, ते सांगतो.

आधी मी पांढऱ्या प्लास्टिकचा एक सपाट तुकडा होतो. एका सकाळी तंत्रज्ञाने मला गरम पाण्यात सोडले, आणि मी ओल्या कापडासारखा मऊ झालो. दोघांनी मला कडांना धरून उचलले आणि टेबलावर निजलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पसरले. त्यांची बोटे माझ्यावरून फिरली, नाकाच्या कडेने, गालांवरून, हनुवटीखाली. मग मी निवत गेलो आणि कडक झालो. आयुष्यात मी त्या एकाच वेळी मऊ झालो, मित्रांनो. तेव्हा जो चेहरा माझ्याखाली होता, तो कायमचा माझा झाला.

तो चेहरा एका शिंप्याचा होता. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ झाली होती. शस्त्रक्रियेत ती काढता येईल तेवढी काढली होती. उरलेल्या भागावर रोज किरण सोडायचे होते, आणि त्या वेळी डोके केसभरही हलून चालणार नव्हते. म्हणून मी. मला टेबलाला अडकवले की मास्तरांचे डोके जागच्या जागी राही. किरण कुठे जायचे त्याच्या खुणाही माझ्याच अंगावर होत्या.

मला उतरवल्यावर मास्तरांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले. तेव्हा त्यांना बोलता येत होते, मधूनच एखादा शब्द शोधावा लागे इतकेच.

"फिटिंग झकास आहे," ते तंत्रज्ञाला म्हणाले. "पण माया कुठे ठेवलीत? शिवणीत बोटभर कापड जास्त सोडावं लागतं. उद्या गिऱ्हाईक जाड झालं तर?"

"तुम्ही नका होऊ जाड, मास्तर."

"माझ्या हातात असतं तर लग्नातला कोट अजून अंगात गेला असता."

"त्या कोटाची मी केव्हाच पायपुसणी केली," शेजारी उभी असलेली त्यांची बायको म्हणाली.

सोबत आलेली त्यांची मुलगी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण तिने लगेच तोंडावर हात ठेवला.

पुढे रोज सकाळी आमची भेट होऊ लागली. त्यांच्या श्वासाची ऊब माझ्या आतल्या बाजूला लागे. यंत्र घुमू लागले की त्यांचा पाय हळूच हले, जणू ते शिवणयंत्र चालवत आहेत. "मास्तर, पाय!" असे बाहेरून तंत्रज्ञ ओरडे. नंतर मास्तर त्याला सुनावत, "डोकं हलवू नका म्हणालात. पायाचं कुठे ठरलं होतं?"

मग हळूहळू काहीतरी बदलले. मेंदूला आलेली सूज उतरावी म्हणून त्यांना एक औषध चालू होते. त्या औषधाने चेहरा भरत गेला. त्याच सुमारास त्यांचे शब्दही आटत चालले. मी होतो तेवढाच होतो आणि ते माझ्यात मावेनासे झाले. मी त्यांच्या कपाळावर रुतू लागलो, गालांवर रुतू लागलो. ते टेबलाची कड घट्ट धरून निजत, आणि मला काहीच करता येत नसे.

एके दिवशी ते किरणांच्या खोलीच्या दारातच थांबले. "नाही," म्हणाले.

"अहो, लहान मुलासारखं काय करताय? थोडंच राहिलंय आता," बायको म्हणाली.

"बाबा, अर्धवट सोडून कसं चालेल?" मुलीचा आवाज चढला. "तुम्हीच म्हणता ना, अर्धा शिवलेला सदरा कोण घालणार?"

मास्तर गालावर हात आपटत राहिले. "हे... हे..." पुढचा शब्द आलाच नाही. उपचार इथेच थांबले असते तर उरलेल्या गाठीला मोकळे रान मिळाले असते. बायकोला वाटले, ते घाबरले. मुलीला वाटले, ते जगण्याला कंटाळले. खरे कारण मला ठाऊक होते. पण मुखवट्याला तोंड असते, आवाज नसतो.

त्या रुग्णालयात दर आठवड्याला सगळे एका टेबलाभोवती बसत. शस्त्रक्रिया करणारे, किरणांचे डॉक्टर, औषधांच्या डॉक्टर, बोलणे शिकवणारी बाई, तंत्रज्ञ. या सर्वांना एकत्र बांधून ठेवणारी एक परिचारिका होती. तिला लहानथोर सगळेच ताई म्हणत. ताईंचा एक हट्ट होता. रुग्ण 'नाही' म्हणाला, तर त्याच्या पाठीमागे काही ठरवायचे नाही. त्याला बोलवायचे. तसे त्यांनी मास्तरांना, त्यांच्या बायकोला आणि मुलीला बोलावले, आणि मला टेबलाच्या मधोमध ठेवले.

"भीती वाटते का, मास्तर?" किरणांच्या डॉक्टरांनी विचारले. मास्तरांनी मान हलवली. नाही.

"मळमळतं?" तेही नाही.

"प्रश्न पुरेत आता," बोलणे शिकवणारी बाई म्हणाली. "शब्द अडकलेत, मास्तर नाही अडकलेले. मास्तर, तुम्ही दाखवा."

मोजपट्टी त्यांच्या गळ्यात होतीच. ती घातल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. बाईने तिचे टोक त्यांच्या हातात दिले. मास्तर थोडा वेळ त्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला जवळ ओढले, उलटे केले आणि माझ्या पोकळीत या कानापासून त्या कानापर्यंत पट्टी टेकवत नेली. जिथे माप संपले तिथे नखाने चिमटीत धरली. तेवढीच पट्टी मग स्वतःच्या चेहऱ्यावर लावली. ती कानापर्यंत पोहोचली नाही. मध्ये उरलेली जागा त्यांनी बोटाने दाखवली आणि सगळ्यांकडे असे पाहिले, जसे गेल्या वर्षीच्या मापावर अडून बसलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावे.

"गालावरचे वळ मी रोज बघत होतो," तंत्रज्ञ म्हणाला. "मला वाटलं, सगळ्यांना उठतात तसेच."

"चेहरा भरला तो माझ्या औषधानं," औषधांच्या डॉक्टर म्हणाल्या. "मी वजन बघितलं. मास्क घालताना नाही बघितलं कधी."

मास्तरांची बायको सर्वांत शेवटी बोलली. "मला तर वाटत होतं, तब्येत सुधारतेय. गाल वर आले म्हणून मी शेजारी सांगत होते." ती रडली नाही. तिने नुसती त्यांच्या गळ्यातली पट्टी सरळ केली.

औषध जपून कमी करायचे ठरले. नव्याने तपासणी करून नवा मुखवटा बनवायचा, हेही ठरले. "तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, मास्तर," तंत्रज्ञ म्हणाला. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मित्रांनो, मी फळीवर गेलो. रोज सकाळी त्यांची पावले ऐकू येत, आणि ते दुसऱ्याच्या खाली निजत. मला हेवा वाटला नाही असे कसे म्हणू? पण त्या दुसऱ्यानेच त्यांचे उपचार पार पाडले. शेवटच्या दिवशी तंत्रज्ञाने आम्हा दोघांनाही समोर ठेवून विचारले, "एखादा घरी न्यायचाय का? नाहीतर आम्ही टाकूनच देतो." मुलीने दोन्ही पाहिले. नव्याचे गाल गोल होते. तिने मला उचलले.

"हे बाबा," ती म्हणाली.

मास्तरांनी मला डमीच्या मानेवर ठेवले. "आता याला..." ते शब्द शोधत थांबले. कोणी घाई केली नाही. "डोकं," ते म्हणाले, आणि स्वतःच खो खो हसले. पुढे काही काळ ते दुकानात बसले. काजे केली, पायजम्यांच्या कडा दुमडल्या.

मग गाठ परतली. टेबलाभोवती तीच माणसे पुन्हा बसली. या वेळी किरण आणि सुरी यांचा उपयोग नव्हता, आणि ते त्यांनी स्पष्ट सांगितले. पण कोणी हात झटकले नाहीत. दुखू नये म्हणून औषधांच्या डॉक्टर, घास घशात अडकू नये म्हणून बोलणे शिकवणारी बाई, आणि या सगळ्यांना जोडून ठेवणाऱ्या ताई घरी येत राहिल्या. कुठे राहायचे, हे त्यांनी मास्तरांनाच विचारले. मास्तरांनी दुकानाकडे बोट केले. खाट बेतायच्या टेबलाशेजारी लावली. एका दुपारी, बायकोचा हात हातात असताना, मास्तर तिथूनच गेले. मी वरून पाहत होतो.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. कोणी आजारी माणूस 'नाही' म्हणाला, तर त्याला हट्टी म्हणू नका. तुम्ही पाहिलेले, शेजारच्याने पाहिलेले, सगळे एका टेबलावर मांडा. आणि त्याला शब्द सापडत नसतील, तर त्याच्या हातात त्याच्या सवयीचे काहीतरी द्या आणि थांबा.

मुलगी अधूनमधून दुपारी दुकान उघडते. माझ्यावरची धूळ मऊ कापडाने पुसते, शिवणयंत्राला तेल देते. घरात मास्तरांचे फोटो पुष्कळ आहेत, पण फोटोला नाकाची उंची नसते. ती मला डमीवरून उतरवते आणि आत तळहात ठेवते, जिथे गाल होता. कधी स्वतःच्या गळ्यातली मास्तरांची मोजपट्टी काढून या कानापासून त्या कानापर्यंत टेकवत नेते आणि नखाने चिमटीत धरते. मग ते माप तसेच धरून उभी राहते. ते लावून पाहायला आता समोर कोणी नाही.