तिथं घेतलेलं नाव

आमच्या ह्यांनी दारू सोडली तेव्हा बेंगळुरातल्या अख्ख्या मल्लेश्वरममध्ये सगळ्यात जास्त आनंद मला व्हायला हवा होता. झाला नाही. उलट पोटात दुखायला लागलं. बासष्ट सालची ही गोष्ट. त्याआधी मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? सोळा सोमवार केले, मैलारच्या खंडोबाला नेऊन ह्यांना भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली, सारायीच्या, म्हणजे गावठी दारूच्या, दुकानासमोर उभी राहून भांडले. भंडाऱ्याची शपथ घरी पोचेपर्यंतसुद्धा टिकली नव्हती. आणि आता दर गुरुवारी हे कुठल्याशा मीटिंगला जातात काय, तीन महिने थेंब नाही काय! देव हरला, मी हरले आणि जिंकलं कोण, ते मला कळायला मार्ग नव्हता.

"कुठं असते ती मीटिंग?" मी विचारायची.

"तिथलं बाहेर सांगायचं नसतंय," हे म्हणायचे. म्हणजे घरची बायको बाहेरची झाली.

तेही गिळलं असतं. पण एका सकाळी मी दिलेली कॉफी पिता पिता हे म्हणाले, "विमलाअक्कांच्या कॉफीला निराळीच चव हाय बघ."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. अक्का म्हटलं म्हणून काय झालं? बेंगळुरात येणारी जाणारी प्रत्येक बाई अक्काच असते. माझ्या कॉफीत कधी चव सापडली नाही ह्यांना, आणि तिच्या कॉफीत सापडली. मी जळून कोळसा झाले.

पुढच्या गुरुवारी घराला कुलूप लावलं आणि चिकपेटच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. हे तिथल्याच एका दुकानात कोट शिवायचे. संध्याकाळी हे बसमध्ये मागून चढले, मी पदर ओढून पुढून चढले. कंटोन्मेंटला उतरून हे थेट एका चर्चच्या मागच्या खोलीत शिरले. म्हटलं, झालं! बाईपायी देवही बदलला.

दारात एक बाई पातेल्यातून कॉफी ओतत होती. साठीची, केस पांढरेधोप, डोळ्यांवर जाड चष्मा. "यारु बेकम्मा?" तिनं विचारलं. कोण हवंय.

आता आली पंचाईत. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. हळदीकुंकवाला उखाणा घेतला असता, पण चर्चच्या दारात कसला उखाणा? मी नुसतं आत बोट दाखवलं.

ती हसली. "सरी. मग तुमचं नाव तरी सांगा."

"तानूबाई."

तिचा हात थांबला. "तानूबाई? आमच्या कृष्णाजींच्या तानूबाई?"

दाराजवळची दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. रेल्वेच्या कपड्यांतल्या एका गोऱ्या, धिप्पाड इंजिन ड्रायव्हरनं उठून मला खुर्ची दिली. "नमस्कारा, तानूबाई," तो म्हणाला, जसा काही माझ्या माहेरचा. ती बाई, म्हणजेच विमलाअक्का, माझ्या हातात पेला देत हळूच म्हणाली, "माझे यजमानही इथलेच, पिणं सोडलेले. इथं जन्माची शपथ कुणी घेत नाही. आज प्यायचं नाही, एवढंच. उद्याचं उद्या." कॉफी चांगली होती, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पुढं माणसं गोल बसली होती, त्यात हे उभे होते, माझ्याकडं पाठ करून. कानडीत बोलत होते. "मेव्हण्याच्या लग्नात मी पिऊन पडलो. नम्म तानूबाईनं सगळ्यांना सांगितलं, मला ताप आलाय, आम्ही निघतो. सख्ख्या भावाच्या अक्षता सोडून ती उठली. लोक तिलाच बोलले. मला सगळं समजत होतं. समजतंय हे तिला कधी सांगितलं नाही. नम्म तानूबाई..."

नम्म, म्हणजे आमची. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत 'अगं' आणि 'ऐकलंस का' यापलीकडं ह्यांच्या तोंडून मला हाक ऐकू आली नव्हती. आणि जे शब्द ऐकायला मी जन्मभर कान लावून बसले, ते ऐकले कुणी? इंजिन ड्रायव्हरनं! विमलाअक्कांवरचा राग तिथंच गेला, पण त्या अख्ख्या खोलीचा मला असा मत्सर वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

मीटिंग संपल्यावर ह्यांनी मला पाहिलं. आम्ही दोघं बस स्टॉपवर आलो.

"तिथं माझं नाव घेता," मी म्हटलं. "घरी का न्हाई?"

हे वहाणांकडं बघत म्हणाले, "ज्या तोंडानं पीत हुतो, त्या तोंडानं तुझं नाव कसं घेऊ? तिथं सगळ्यांची तोंडं सारखीच. तुझ्यासमोर अजून धीर हुत न्हाई. उद्या पुन्हा प्यालो तर?"

"उद्याचं कोण विचारतंय? आज प्यालाय का?"

"न्हाई."

"मग घ्या की."

ह्यांनी इकडंतिकडं पाहिलं. स्टॉपवर चार माणसं होती. घसा खाकरला, मान खाली घातली, पुन्हा वर केली.

"तानूबाई."

एवढ्या मोठ्यानं म्हणाले की ती चारही माणसं वळली. मी पदर सावरला.

"अजून म्हणा," मी म्हटलं. "त्या लोकांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलंय."